गार राहावं म्हणून

प्रिय रेणू,

बाबांच्या जलदानविधीच्या संध्याकाळी तू बॅग उचलून पुण्याला निघून गेलीस, तेव्हापासून फोन उचलत नाहीस. म्हणून लिहायला बसले. लिहायची सवय मोडली आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे. तू का गेलीस ते मला ठाऊक आहे. तुझी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "चालताबोलता माणूस, पोरीने इंजेक्शन घ्यायला लावलान नि घालवलान!" मी शेजारीच होते आणि गप्प बसले. खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं, जिभेवर आलं नाही एवढंच.

घरात काही सुचत नाही गं. सकाळी यांचा खोकला ऐकू आला की मी चहा टाकायची. आता खोकला नाही, तर चहाही राहून जातो. जन्मभर मिरकरवाड्याच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढल्या, वर विड्या ओढल्या, छातीचं खोकं झालं, त्यात साखर. पण ताठा तसाच. बंदरावर कुणाचा मासा नासला की स्वतःचंच नाव घेऊन म्हणायचे, "गंगारामचा बरफ असता तर वास सुटला नसता." मी चिडवायची, की मला सवत केलीत तीही थंडगार. हसायचे.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तू त्यांना डॉक्टरांकडे नेलंस. या वयात अशी छाती आणि साखर, न्यूमोनियाची लस घ्यायलाच हवी, असं डॉक्टर म्हणाले. तू बाबांच्या हातावर हात मारून वचन घेतलंस. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तुला फोनवर सांगितलं, घेतली हो. मीही खरंच मानलं. मग जानेवारीत ताप आला, दम लागला, आणि न्यूमोनियानेच त्यांना नेलं. ऑक्सिजन लावलेला असताना तू ज्याला त्याला विचारत होतीस, लस घेतली होती ना, मग असं कसं झालं? तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

काल मी डॉक्टरांकडे भांडायलाच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काकू, काकांना ती लस दिलीच गेली नाही.

झालं होतं असं. मेडिकलमधून लस घेऊन हे दवाखान्यात गेले, तर डॉक्टर बाहेर गेलेले. लस थंड ठेवायची, एवढं मेडिकलवाल्याने बजावलं होतं. आपल्या फ्रिजवर यांचा कधीच विश्वास नव्हता. ते सरळ कारखान्यात गेले आणि लांबच्या गाडीला सुरमई भरतात तशी ती डबी फोडलेल्या बर्फात पुरली. जास्त गार राहावं म्हणून वर मीठही घातलं. दुसऱ्या दिवशी नेली तर आतलं औषध गोठून घट्ट. डॉक्टर म्हणाले, गोठली की ही लस फुकट जाते, मी दुसरी मागवतो, तुम्ही या. "बरफात ठेवलेला कधी बिघडत नाय ओ डॉक्टर," एवढंच हे बोलले आणि मान खाली घालून निघाले. परत गेलेच नाहीत. डॉक्टरांनी फोन केला, तर म्हणे जरा काम आटपू दे. बर्फाने आपल्याला फसवलं हे तुला नि मला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मी डॉक्टरांना विचारलं, टोचली असती तर वाचले असते का? छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, म्हणाले, पण आजार इतका वाढला नसता, अशी आशा होती. ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. आत्या गुहागरहून पोहोचेपर्यंत आपण यांना लाद्यांवरच निजवलं होतं, आठवतं? यांच्या हाताखालच्या शिवाने त्यांच्याच कारखान्यातून आणल्या होत्या. आता डोळे मिटले की तेच दिसतं. रागवायचं तरी कुणावर?

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की बाबा तुझ्या इंजेक्शनाने गेले नाहीत. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. मी आत्यालाही तोंडावर सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं. आणखी एक. यांच्यासाठी मागवलेली लस डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये तशीच आहे. माझंही वय झालं, मलाही साखर, ती तुम्ही घ्या म्हणतात. खोटं कशाला बोलू, जगावंसं वाटत नाही. तू येऊन हात धरून नेलंस तर जाईन. नाही आलीस, तर राहू दे ती तिथेच.

तुझीच,
आई