डिझेल उतरेना

२ फेब्रुवारी
एकदाची नोकरी लागली, आणि तीही दादाच्याच यार्डात. जुनी एक्सकॅव्हेटर विकत घ्यायची, दुरुस्त करायची, रंग मारून पुन्हा विकायची, हा इथला धंदा. दादा ऑपरेटर; दुरुस्त झालेलं मशीन मागच्या मोकळ्या जागेत खड्डे खणून तपासायचं काम त्याच्याकडे. मी मेकॅनिक. घर यार्डाला लागूनच आहे आणि मागची खोली मला दिली आहे. तिथे वहिनीचं शिलाई मशीनही आहे, त्यामुळे कॉटवर जायला अंग तिरकं करून सरकावं लागतं.

इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडी कानाशी धरायची माझी सवय वहिनीने खिडकीतून पाहिली आणि मी 'डॉक्टर' झालो. जेवताना म्हणाली, डॉक्टर, कुकरची शिट्टी होत नाहीये, जरा त्याचंही प्रेशर बघा. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. बऱ्याच दिवसांनी घरात असल्यासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी
मालकांनी यार्डातलं सगळ्यात आडमुठं मशीन माझ्या गळ्यात मारलं. सुरू होतं, पण जोर लावायची वेळ आली की डिझेलचं प्रेशर पडतं, लाल दिवा लागतो आणि इंजिन गप्प. माझ्या आधीच्या मेकॅनिकने त्यापुढे हात टेकले होते.

माझी पद्धत साधी आहे. ज्या भागावर संशय, तो काढायचा आणि त्याच्या जागी धडधाकट भाग बसवायचा. दोष गेला तर निदान बरोबर. शेजारच्या चालू मशीनचा प्रेशर सेन्सर काढून इथे लावला, दोष तसाच. फिल्टर बदलला, पंप बदलला, तरी तसाच. आणखी एक विचित्र गोष्ट. सकाळी थंडगार इंजिनाला स्कॅनर जोडला तर तापमान सदतीस अंश. सेन्सर बदलला, तरी सदतीस. दादा म्हणाला, म्हणजे ताप नाहीये, काळजी करू नकोस.

६ फेब्रुवारी
सापडलं. टाकी रिकामी करून आत हात घातला, तर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात फडकं. चुकून पडलेलं नाही, तारेने आवळून बांधलेलं. कुणाच्या तरी शर्टाची बाही होती, बटणासकट. डिझेल जाणार कुठून? कापून काढलं आणि कचऱ्याबरोबर जाळून टाकलं. त्यानंतर प्रेशर जे चढलं ते हललंच नाही.

मालकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. वॉचमन तेवढा कुरकुरला. म्हणे, हे मशीन पोचवायला त्याचा जुना ऑपरेटर आला होता, पांढराफटक, भर उन्हात स्वेटर घातलेला, आणि टाकी उघडू नका असं पुन्हा पुन्हा बजावून गेला होता. मला हसू आलं. स्वतःच्या हाताने मशीन बिघडवणारा ऑपरेटर मी पहिल्यांदाच ऐकला. खोटं कशाला बोलू, आज माझी कॉलर जरा ताठ आहे.

९ फेब्रुवारी
दादाने दिवसभर खणलं. म्हणतो, मशीन कसं अगदी हलकं चालतं, हात लावायच्या आधीच वळतं. घरी आला तो गळून गेल्यासारखा, जेवलाही नाही. माती मशीनने खणली की तुम्ही, असं वहिनीने त्याला विचारलं. तो नेहमीसारखा हसला नाही.

टाकीचा काटा सकाळी होता तिथेच आहे. अडकला असेल.

१० फेब्रुवारी
काट्याचा सेन्सर बदलला, तरी काटा तिथेच. म्हणून टाकीत पट्टी बुडवून खूण केली. दिवसभराच्या खणण्यानंतर डिझेल खुणेवरच होतं, केसभरही उतरलं नव्हतं.

हे शक्यच नाही. इंजिन चाललं म्हणजे काहीतरी जळतंच. जेवताना दादाचा हात माझ्या हाताला लागला. गार होता.

१२ फेब्रुवारी
दादाचे ओठ पांढरे पडलेत. खऱ्या डॉक्टरकडे नेलं. रक्त कमी झालंय म्हणाले, का ते त्यांनाही कळेना. मी दादाला म्हटलं, त्या सीटवर पुन्हा बसू नकोस. तो म्हणाला, बसलं की बरं वाटतं, उठलं की थंडी वाजते.

तो जुना ऑपरेटर फडक्याने मशीनचं तोंड बांधून ठेवत होता. मी ते सोडलं. मीच.

१३ फेब्रुवारी
दादा अंथरुणावर. मी टाकीत फडकं परत बांधलं, माझ्या शर्टाची बाही, तारेने आवळून. मग बाहेर उभा राहून चावी फिरवली. प्रेशर पडलं नाही. नळीच सोडवली. तरी नाही. टाकी उपसून कोरडी केली—

इंजिन चालूच. घरातून वहिनीची हाक आली, दादा बेशुद्ध पडला म्हणून. चावी काढून घेतली. बंद व्हायला हवं होतं.

मालक म्हणतात, भावाच्या आजारपणाने माझं डोकं फिरलंय. स्वतः येऊन का बघत नाहीत?

१४ फेब्रुवारी, सकाळ
अजून चालू आहे. बॅटरीच्या वायरी तोडल्या. काही फरक नाही. स्कॅनर म्हणतो, दोष नाही. तापमान सदतीस.

दादाचे तळवे बर्फ. वहिनी चोळते आहे. मला डॉक्टर म्हणाली, पहिल्यांदाच न हसता. डॉक्टर, काहीतरी करा. मला फार भीती वाटते आहे.

संशय असलेला भाग काढायचा. त्याच्या जागी धडधाकट—

१४ फेब्रुवारी, दुपार
सीटवर बसलो आहे. वही मांडीवर. बसल्याबरोबर काटा थरथरला, मग स्थिर.

वहिनीचा फोन. दादाने डोळे उघडले. आधी पाणी मागितलं, मग चहा. ती रडत होती आणि हसत होती. विचारलं, डॉक्टर, काय औषध दिलंत. सांगितलं नाही.

दोष हलला. निदान बरोबर.

—उठायला गेलो होतो. नाही जमलं. बसलं की बरं वाटतं. दादा म्हणाला होता तसंच—

बोटं गार. अक्षर लागतंय का कुणाला? या सीटवर कुणी बसू नका. कुणी चांगला मेकॅनिक आणू नका—

काचेतून घराचं दार दिसतं. उघडलं. दादा. भिंतीला धरून, पण चालतोय. माझ्याकडेच बघतोय. त्याला कळलं—

हात हलवतोय, उतर म्हणून. मला उतरवून तो परत इथे—

दादा, नको. मागे फिर. दरवाज्याला हात लावू—