हळू विरणारा भाग

ठाकुर्ली, मंगळवार संध्याकाळ

आज परत दोघींचा भात लावला. आईला जाऊन चार महिने झाले.

तेव्हा ताई धाय मोकलून रडलेली, आणि तेराव्याच्या जेवणात तिने जिलेबी मागून घेतली. इतका राग आलेला! मी रडलेच नाही. सगळे म्हणाले, धाकटी धीराची.

आज लॅबमध्ये क्वांटमचं गणित सुटलं. समतोलापासून लांबची अवस्था कधीकधी आधी निवते, उकळतं पाणी कोमटाआधी गोठावं तशी. जवळची रेंगाळते, कारण हळू विरणारा भाग तिच्यातच जास्त. मग माझा धीर म्हणजे नुसतं रेंगाळणंच का?

नौपाड्याहून ताईचा फोन. "जेवलीस का गं?"

"हो."

आईच्या वाटणीचा भात फ्रीजमध्ये ठेवायला गेले, तर कालचा डबा तिथेच.