दुमडलेला कोपरा

पिपरी मेघे, रविवार, १२ जानेवारी

दुपारी चिडलोच. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेल्या अर्थशास्त्राच्या मूळ ग्रंथात कुणीतरी एका पानाचा कोपरा दुमडला होता. ही काय रीत झाली! कोपरा सरळ केला आणि तेच पान वाचलं. जन्मभर एकच काम करणारा मजूर मठ्ठ होत जातो, असं श्रमविभागणीचे गोडवे गाणारा हाच लेखक म्हणतो.

माझी जुनी विद्यार्थिनी वनिता, तिनं पेपरात हेच लिहिलं होतं. मी लाल शेरा मारला, 'असं कुठंही नाही.' कुठंही! तीस वर्षं गाइडवरून शिकवलं, मी पाहिलं होतं कुठं?

राहवलं नाही. ती आता आष्टीला असते; तिला फोन लावला, चूक कबूल केली.

"मले मालूम होतं, सर," ती म्हणाली. "शेरा पाहून लायब्ररीतलं तेच पुस्तक घेऊन आलती मी तुमच्याकडे. लवकर सापडाले पान मुडपून ठेवलं होतं. तुम्ही म्हटलं, नोट्स पाठ कर. मंग मी कोर्साबाहेरचं वाचणंच सोडलं."

ती दारात उभी असलेली आठवते. हातातलं पुस्तक का आठवत नाही?

फोन ठेवून ग्रंथ पुन्हा उघडला. कोपरा मी इतका नीट सरळ केला होता, की ते पान काही सापडेना.