मोजणीत नसलेला

४ मे
कॅन्ससला पोचलो एकदाचे! लव्हॉनबाईंची कंपनी पाहुण्यांना चक्रीवादळं दाखवायला नेते. मी वाटाडी, वेंडेल गाडी चालवणार. आल्याआल्या बाईंनी खिमा-कोबी भरलेले गरम पाव पुढे केले, वेंडेलने चार हाणले. हा तुझा कोण, असं त्यांनी विचारलं. ओळखीतला ड्रायव्हर, म्हणाले मी. सख्ख्या भावाला! तो तीनदा वेड्यांच्या इस्पितळात राहून आलाय हे कळलं, तर आमच्या हाती पाहुणे कोण सोपवेल? तो हसत पाव चावत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते.

९ मे
गोळ्यांनी तो दिवसभर पेंगतो. पेंगणारा ड्रायव्हर कोण ठेवेल? हंगाम संपेपर्यंत अर्धीच घे, असं मीच सांगितलं. आज रडारवर काही नसताना त्याने गाडी दक्षिणेला वळवली आणि वीस मिनिटांत समोर ढगातून वादळाची सोंड उतरली. पाहुणे खूश. बाई म्हणाल्या, "कोरा, हे रत्न कुठून शोधून आणलंस गं?" मला अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज.

१४ मे
आता तो गोळी घेतच नाही. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हणतो, "कोरे, मी कुठे शोधतो वादळाला? तेच मला शोधतं." डॉक्टरकडे न्यायला हवं. नेलं तर बाईंना कळेल. शनिवारी नेईन.

१७ मे
इथली वादळं ईशान्येला सरकतात. गेली तीन आमच्याकडे वळली. वेंडेल उभा होता तिथेच.
रेडिओवर खरखरीत त्याचं नाव — मीही ऐकलं.

१९ मे, दुपार
वेंडेल उतरून शेतात चालत गेला. पावसाआड सोंड. निघण्याआधी पाहुणे मोजायचे, हा आमचा नियम. मोजले. सहा. ड्रायव्हर मोजणीत नसतो. मी स्टिअरिंग धरलं आणि —
त्याला गडबडीत विसरले, असं बाईंना सांगितलं. खोटं. आरशात दिसत होता तो. हात हलवत होता.

चार वाजता
सगळे तळघरात. वादळ मागे फिरलंय. असं कधी होत नाही, म्हणतात बाई. त्याच्या घरी कुणाला कळवायचं, विचारतात — मी ही वही पुढे ओढते.

दारावर थाप. "कोरे, उघड ना." त्याचाच आवाज —

थाप आता भिंतींवरही. भिंतींमागे नुसती माती —

मी दाराकडे निघाले, तर बाईंनी हात धरलाय. एका ड्रायव्हरसाठी जीव देतेस का, म्हणतात. सांगते त्यांना. बाई, तो माझा