गुडघाभर गवताचं घर

१४ एप्रिल
गिअरच्या कारखान्याने मला काढलं नाही. मी गुलामीला काढलं. युनियनच्या व्यासपीठावरून आयुष्यभर दलालांविरुद्ध गरजलो. आता स्वतःचा धंदा. मोडकळीला आलेल्या घराच्या मालकाशी स्वस्तात करार करायचा आणि तो करारच घर घेणाऱ्याला चढ्या भावाने विकायचा. बायको लॉरेटा म्हणाली, वेंडेल, यालाच दलाली म्हणतात ना? मी म्हटलं, दलाल पोटासाठी करतो, मी तत्त्वासाठी. ती भांडी घासायला उठली. पटलं असावं.

१९ एप्रिल
सिद्धांत: मालकाने काम करू नये, कामाचा विचार करावा. बाकी सगळं बाहेर द्यावं. फोन करायला जोमार ठेवला. फिलिपिन्समधून बोलतो. परदेशी जाणाऱ्या नोकऱ्यांविरुद्ध याच मन्सी गावात मी मोर्चे काढले होते, पण ते भांडवलदारांविरुद्ध. मी जगातले कामगार जोडतोय.
गल्लोगल्ली फिरून घरं हेरायला ड्वाइट, पिझ्झा पोचवणारा. डोनटच्या दुकानात भेटलो. घरी बोलावलं नाही; मालकाने अंतर ठेवावं. त्याला खुणा सांगितल्या: गवत गुडघाभर, पन्हाळ लोंबतंय, टपालपेटी ओसंडतेय. म्हटलं, जिथे गवत वाढलं, तिथे माणूस हरला! दुकानातले दोघे वळून बघायला लागले. आवाज अजून शाबूत आहे.

२ मे
लॉरेटा म्हणते, गवत काप, नगरपालिकेची नोटीस येईल. शिवाय पन्हाळ दुरुस्त कर. शिवाय छत. हे घर तिच्या आईचं, आता तिच्या नावावर, म्हणून तिला जरा जास्तच हळवेपणा. समजावलं, हे सगळं बाहेर देणार आहे. पहिला व्यवहार होऊ दे.

९ मे
फोनवर कसं बोलायचं याचा मसुदा जोमारला स्वतः लिहून दिला. आधी ऐका. मधे बोलू नका. विचारा, मॅडम, कधीपासून त्रास होतोय? मग थांबा. थांबण्यातच सगळी ताकद आहे.
लिहिताना लॉरेटा काहीतरी सांगत होती. बहुतेक छताचं. बोटानेच थांब म्हटलं.

१७ मे
जोमारचे अहवाल वाचणं बंद. पत्तेच पत्ते, डोकं उठतं. जोमारला माझ्या नावाने सह्या करायचीही मुभा दिली. सेनापती पावत्या वाचत बसत नाही.
छातीत धडधड होते. कॉफी कमी करणे.

२६ मे
विजय! पहिला करार! पुढचं गिऱ्हाईकही ठरलं, त्याच्याही कागदांवर सह्या झाल्या. जोमार सांगत होता, सर, बाई पाऊण तास बोलली. रडली. नवरा आहे, पण असून नसल्यासारखा. तिच्या पलंगावर छत गळतं, याला जग सुधारायचंय. मी खवळलो. म्हटलं, असल्या नवऱ्याला घरात ठेवायचंच कशाला? जोमार म्हणाला, मीही मॅडमना तेच म्हटलं, सर.
जेवताना लॉरेटाला सगळं रंगवून सांगितलं. तिने विचारलं, त्या बाईबद्दल तुला काय वाटतं? म्हटलं, शूर बाई. हे पाऊल फार आधी उचलायला हवं होतं. तिने मीटलोफचा मोठा तुकडा वाढला. बऱ्याच दिवसांनी असं प्रेमाने बघितलं.

३० मे
सकाळी एक अनोळखी माणूस आमच्या ओसरीचं माप घेत होता. अंगावर धावून गेलो. त्याने शांतपणे कागद दाखवले. विकणारी: लॉरेटा. करार करणारी कंपनी: माझी. पुढे तो करार त्याला विकणारा: मीच. म्हणाला, तुमच्या ड्वाइटने फोटो पाठवला होता. गवत बघूनच घेतलं.
आत गेलो. लॉरेटा बॅग भरत होती. ओरडलो, सही करताना कंपनीचं नाव नाही वाचलंस? म्हणाली, वाचलं की. वाचूनच केली. इतक्या वर्षांत तुझ्या बाजूच्या कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, कधीपासून त्रास होतोय? आणि विचारून थांबला रे तो.
मी म्हटलं, ते वाक्य माझं आहे!
म्हणाली, माहितेय. मग मला का नाही विचारलंस?
यावर मी बराच वेळ बोललो. मुद्दे चांगले होते. मधेच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

४ जून
लॉरेटा फोर्ट वेनला, बहिणीकडे. माझा फोन उचलत नाही. जोमारचा उचलते. त्याला सांगितलं, ती कधी परत येणार ते विचार. त्याचा उलट फोन आला: सर, मॅडम विचारतात, हेही काम बाहेर दिलंय का?
तिचं म्हणणं रास्त आहे. काही गोष्टी माणसाने स्वतःच कराव्यात. उद्या मोटारीने स्वतः फोर्ट वेनला जाणार. समोर बसून, स्वतःच्या तोंडाने माफी मागणार.
काय बोलायचं, ते जोमार लिहून पाठवतोय.