कोचचा सत्कार झाला आणि कोच गेला

यवतमाळ, सोमवार

तीर्थस्वरूप नीळकंठमामांना भाची भैरवीचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल, इंदूमामींचं महालक्ष्म्यांचं सगळं आवरलं असेल आणि उरलेल्या फराळाच्या डब्याभोवती तुमच्या फेऱ्या सुरू असतील, असं धरून चालते. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मामा, मी खुशाल नाही. तुम्ही ज्यांना मोठ्या विश्वासाने आमच्याकडे पाठवलंत ते नेमसिंग सर आमच्या कॉलेजात आले आणि त्याच संध्याकाळी परत गेलेसुद्धा. कोणी भांडलं नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. आम्ही त्यांना हार घालून घालवलं. उभे राहून वाचत असाल तर आधी बसून घ्या.

थोडं मागून सांगते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की मैदानात उगवणारं गवत मला नावानिशी ओळखता येतं. पण क्रीडा समितीच्या ज्या बैठकीला मी नव्हते (माझ्या केतकीला ताप होता), त्याच बैठकीत माझी प्रमुख म्हणून एकमताने निवड झाली. गेल्या वर्षी आमच्या मुली विद्यापीठाच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेल्या, तेही मोबाइलवर खेळ बघून शिकून. तिथे हरल्या, कारण कोणाला कधी बाहेर घ्यायचं हे बाकावर बसलेल्या माणसाला कळत नव्हतं. (बाकावर मी होते.) त्यानंतर संस्थेचे अध्यक्ष नानाजी यांनी जाहीर केलं, की आता खराखुरा, व्यावसायिक मुख्य कोच आणायचा. आणि दसऱ्यापर्यंत नाही मिळाला, तर कॉलेजचं मैदान लग्नाच्या लॉनसाठी द्यायचं. मंडपवाला येऊन टेपने मोजूनही गेला. आमची कॅप्टन सलोनी, झरी जामणीकडची, वसतिगृहात राहते, ती गोलपोस्टला टेकून ते मोजमाप बघत उभी होती. नंतर दिवसभर ती पोरगी जेवली नाही. तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं ना?

तुम्ही माणूस शोधलात तोही लाखात एक. आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यावरचा, गोव्या-कलकत्त्याच्या क्लबांना शिकवून आलेला, आणि आता आपल्या मुलखातल्या पोरींना शिकवायचं म्हणून नागपुरातलं चांगलं काम सोडून यायला तयार. मामा, मी तेव्हा आनंदाने रडले होते. आता कशाने रडू ते कळत नाही.

शनिवारी सर आले. गळ्यात शिट्टी, काखेत फुटबॉल आणि हातात संसार मावेल एवढी बॅग. आल्या आल्या म्हणाले, मैदान पाहू का? आता तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. दारात आलेल्या पाहुण्याला सत्कार केल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा धड पिऊ देत नाही. (मागे मीटर वाचायला आलेल्या माणसाला गुच्छ मिळाला होता, तो बिचारा अजून आमचं रीडिंग भीत भीत घेतो.) त्यांना सरळ सभागृहात नेलं. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं. सरांनी माझ्याकडे वाकून पुन्हा विचारलं, मैदान कुठल्या बाजूला? मी म्हटलं, चहानंतर. नानाजींनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं. मग स्मृतिचिन्ह. ती आम्ही घाऊक घेऊन ठेवतो, निरोप समारंभाला आणि उद्घाटनाला एकच, त्यामुळे प्रत्येकावर ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ असं कोरलेलं असतं. शेवटी मराठीचे चारुदत्त सर आभाराला उठले. त्यांचं आभाराचं भाषण पाठ आहे. हे कॉलेज आपल्याला कधीही विसरणार नाही, आपण जिथे जाल तिथे यशस्वी व्हाल, असं सगळं त्यात येतं. टाळ्या कडाडल्या. सरांनी शालीची नीट घडी केली आणि ती मांडीवर ठेवली. मला वाटलं, भारावले.

नोकरीचं कोणीच बोललं नाही हो! नानाजींना वाटलं प्राचार्य बोलले असतील, प्राचार्यांना वाटलं मी बोलले असेन, आणि मला वाटलं, एवढा सत्कार झाल्यावर आणखी बोलायचं काय उरतं?

रविवारी पहाटे मुली मैदानावर रांगेत उभ्या. सलोनीने सगळ्यांचे बूट धुऊन घेतले होते. ऊन वर आलं तरी कोच नाही. मी विचारलं, सर उतरलेत कुठे? तेव्हा कळलं की त्यांच्या राहण्याची सोय कोणाकडेच नव्हती. आमचे शिपाई नागोराव शांतपणे म्हणाले, “मॅडम, मी तं कालच त्याइले अध्यक्षसाहेबाच्या गाडीनं स्टँडवर सोडून आलो. सत्कार झालता, हाती बॅग होती, म्हटलं पाव्हना जाऊन राह्यला.” माझे डोळे पांढरे झाले. मामा, त्यांनी सरांना बसमध्ये खिडकीची जागासुद्धा धरून दिली होती!

मी तिथेच मैदानात बसून सरांना फोन लावला. ते नागपूरला तुमच्याच गल्लीत होते. आवाजात राग नव्हता, तेच फार लागलं. म्हणाले, “मॅडम, कलकत्त्याले मले दोनदा शाल भेटली. दोन्ही वेळेस दुसऱ्या दिवशी घरी गेलतो. तुमी तं नारळबी दिला, गाडीबी दिली. मानूस समजून जाते.” मी हात जोडले (फोनवरच). घडला प्रकार सांगितला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “येतो. पन सत्कार नाई. आंदी मैदान दाखवा. मी आलतो कायले अन् पाह्यलं काय!”

मी धावत नानाजींकडे गेले. त्यांना आनंद झाला, पण अट ऐकून ते हबकले. “सत्कार नाई? मंग लोक काय म्हनतीन? मोठा मानूस आला अन् तसाच कामाले लावला?” त्यांच्या मते सरांची नाराजी एकाच गोष्टीने जाईल, ती म्हणजे पहिल्यापेक्षा मोठा सत्कार. या वेळी फेटासुद्धा बांधायचा म्हणतात. मी काहीही बोलले तरी ते फेट्याचा रंग विचारतात.

दसऱ्याला महिनासुद्धा उरला नाही. मंडपवाला काल पुन्हा येऊन गेला. तुम्ही वडीलधारे, चार माणसांत वावरलेले. अशा वेळी काय करावं, एवढं मार्गदर्शन करा, दुसरं काही मागत नाही. मामींना नमस्कार, नयनला आशीर्वाद.

तुमची,
भैरवी

ता. क. १ : मार्गदर्शन पत्राने पाठवू नका, स्वतःच घेऊन या. गुरुवारी. येताना नेमसिंग सरांना सोबत आणा. बसने नको, स्टँडवर नागोराव पाहुण्यांना पोचवायला उभे असतात.

ता. क. २ : सरांना मागच्या फाटकाशी उतरवा, सलोनी तिथे असेल. तुम्ही मात्र पुढच्या फाटकाने या. नानाजींना मी कसंबसं पटवलं आहे, की कोचपेक्षा कोच शोधून देणारा माणूस मोठा, तेव्हा सत्कार त्याचाच. तुमच्या नावाचा फलक चौकात लागला आहे. फोटो केतकीच्या बारशातला दिलाय, त्यात तुम्ही लाडू खाताय, पण चेहरा ओळखू येतो. शाल तीच, सर गाडीत विसरून गेले होते ती.

ता. क. ३ : गुडघ्याचं कारण सांगू नका, तुम्हाला फक्त बसायचं आहे. नानाजी बोलतील, प्राचार्य बोलतील, चारुदत्त सर आभार मानतील. तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतील, तेव्हा कृपा करून दोनावर थांबू नका. तुम्ही सभागृहात जितका वेळ काढाल तितका वेळ मुलींना कोच मिळेल. सलोनीने निरोप दिलाय, “मामाले सांगा, निदान अंधार पडेपर्यंत तरी सत्कार करून घ्या.”