एसच्या आधीचा कॉमा

पुसद,
११ ऑगस्ट २०२५

लखनभियास,
बबिताचा नमस्कार. आपल्या याडीचे गुडघे आता कसे आहेत? आईची काळजी वाटते. राखी पोस्टानं पाठवली होती, मिळाली असेल. यायला जमलं नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

आमच्या वसतिगृहाचा तू रंगवलेला ‘Girl's Hostel’ बोर्ड अजून गेटवरच आहे. आज सातवीला नेमका तोच धडा होता. एका मुलीचं असेल तर कॉमा एसच्या आधी, पुष्कळ जणींचं असेल तर एसच्या नंतर, आणि नुसतं ‘रूम्स’ म्हणायचं असेल तर कॉमा लागतच नाही. साठ मुलींचं वसतिगृह आपण एकाच मुलीचं करून ठेवलं.

‘आपण’ लिहिलं खरं. पण तसं नाही.

त्या दिवशी शिडीवरून तू विचारलंस, "मॅडम, हा वरतला कॉमा एसच्या आधी का नंतर?" शाळेत तू मला मॅडम म्हणतोस, मीही कधी अडवलं नाही. मी घाईत होते. "आधी," म्हणाले आणि चिठ्ठीवर तसंच लिहून दिलं.

उद्घाटनाला पाहुण्यांसमोर मुख्याध्यापक तुझ्यावर ओरडले, "इंग्रजी येत नाही तर बोर्ड कायले रंगवता?" ती चिठ्ठी तुझ्या खिशात होती, कोपरा बाहेर दिसत होता. तू मान खाली घालून म्हणालास, "माह्याकडूनच चुकलं, सर."

सगळे हसले. मी हसल्यासारखं केलं.

नाही भिया, मी हसलेच.

आज धडा संपताना खुशी नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या पेंटरले शिकवा नं हे!" वर्ग खिदळला. मी म्हणाले, "त्यानं मलाच विचारलं होतं. चुकीचं मी सांगितलं. तो माझा सख्खा भाऊ आहे."

तशीच सरांकडे गेले. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "हे उद्या प्रार्थनेनंतर सर्वांसमोर सांगा." सांगणार आहे. पण बोर्ड नव्यानं रंगवायचं काम त्यांनी आधीच दुसऱ्या पेंटरला दिलंय. ते मला परत आणता आलं नाही.

रविवारी तांड्यावर येते. याडीसमोर मला हवं ते बोल, ओरड. पुन्हा माझ्यासाठी गप्प तेवढा राहू नकोस.

तुझी सख्खी बहीण,
बबिता